मर्मर आणि मँडोलिन

रॉक संगीताच्या इतिहासात २५ जुलै १९६५ ची रात्र वारंवार सांगितली जाते. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात न्यूपोर्ट येथे भरलेल्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलन विजेवर चालणारी गिटार घेऊन व्यासपीठावर आला आणि श्रोत्यांतील एका गटाने त्याची हुर्यो उडवली. लोकगीतांची साधी, लाकडी वाद्यांवरची परंपरा सोडून तो गोंगाटाच्या बाजारात गेला, अशी त्यांची तक्रार होती. त्या रात्री मंचाची आणि ध्वनीची व्यवस्था पाहणाऱ्यांत जो बॉइड नावाचा बाविशीतला एक तरुण होता. पुढे तो इंग्लंडात स्थायिक झाला. ‘फेअरपोर्ट कन्व्हेन्शन’ आणि निक ड्रेक यांच्या ध्वनिमुद्रिकांचा निर्माता म्हणून त्याने इंग्रजी लोकसंगीताच्या नव्या आविष्काराला आकार दिला. न्यूपोर्टच्या त्या रात्रीनंतर वीस वर्षांनी, १९८५ च्या आरंभी, त्याच्याकडे लंडनमधील एका ध्वनिमुद्रणगृहात अमेरिकेच्या दक्षिणेकडून चार तरुण आले. डिलनने जी वाट एका दिशेने चालून दाखवली होती, तीच वाट हे चौघे पुढच्या सात वर्षांत उलट दिशेने चालणार होते. त्यांच्या संचाचे नाव आर.ई.एम.

हे नाव झोपेतल्या त्या अवस्थेचे आहे, जिच्यात मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळे जलद हलतात आणि माणूस स्वप्ने पाहतो. शब्दकोश उघडून ते सहज निवडले गेले. तरी त्या संचाच्या पहिल्या दशकाचे याहून नेमके वर्णन शोधूनही सापडले नसते. जॉर्जिया राज्यातील ॲथेन्स हे विद्यापीठाचे गाव. तेथील ध्वनिमुद्रिकांच्या एका दुकानात काम करणारा पीटर बक आणि त्या दुकानात येणारा कलाशाखेचा विद्यार्थी मायकेल स्टाइप यांची ओळख झाली. मेकन या गावी शाळेपासून एकत्र वाजवणारे माइक मिल्स आणि बिल बेरी त्यांना येऊन मिळाले. ५ एप्रिल १९८० रोजी एका जुन्या चर्चच्या वास्तूत मित्राच्या वाढदिवसाच्या निमित्ताने त्यांचे पहिले जाहीर वादन झाले. बक गिटार वाजवी, मिल्स बास गिटार, बेरी ड्रम, आणि स्टाइप गाई. गीतांच्या श्रेयात मात्र चौघांची नावे नेहमी वर्णानुक्रमे आणि समान हक्काने छापली गेली. रॉकच्या व्यवसायात असा करार दुर्मीळच. पुढे जे घडले त्याचा पाया या समानतेत आहे.

‘इंडी’ हा शब्द ‘स्वतंत्र’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे लघुरूप आहे. मोठ्या कंपन्यांच्या बाहेर, तुटपुंज्या भांडवलावर काढलेल्या मुद्रिका, विद्यापीठांची छोटी नभोवाणी केंद्रे, पडक्या गाडीतून एका गावाहून दुसऱ्या गावी केलेले दौरे, हे त्या संगीताचे अर्थशास्त्र होते. आर.ई.एम.ची पहिली मुद्रिका १९८१ मध्ये हिब-टोन या अगदी लहान कंपनीने काढली. त्यानंतरची आय.आर.एस. ही कंपनी स्वतंत्र म्हणवत असली तरी तिचे वितरण मोठ्यांच्या हातून होई. स्वातंत्र्याची ही कल्पना आरंभापासूनच थोडी सैल होती, हे नोंदवलेले बरे.

१९८३ च्या एप्रिलमध्ये त्यांची पहिली पूर्ण लांबीची ध्वनिमुद्रिका आली. तिचे नाव ‘मर्मर’. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ कुजबूज असा होतो, आणि मराठी वाचकाला संस्कृतातून आलेला, वाळल्या पानांची सळसळ सुचविणारा ‘मर्मर’ हा शब्द त्यात सहज ऐकू येईल. योगायोग असा की मुद्रिकेच्या मुखपृष्ठावर पानेच आहेत: जपानमधून आणलेला आणि पाहता पाहता अमेरिकेच्या दक्षिणेतील शेते, खांब आणि घरे गिळून टाकणारा कुड्झू हा वेल. गाण्यांचेही तसेच होते. स्टाइपचा आवाज वाद्यांच्या मागे ठेवलेला असे. शब्द कळत नसत, आणि कळले तरी त्यांची वाक्ये होत नसत. श्रोते आपापले शब्द त्यात भरून घेत. ‘रोलिंग स्टोन’ नियतकालिकाने त्या वर्षीची सर्वोत्तम ध्वनिमुद्रिका म्हणून ‘मर्मर’ची निवड केली. मायकेल जॅक्सनची ‘थ्रिलर’ जगभर दुमदुमत होती त्या वर्षीची ही गोष्ट आहे.

या अस्पष्टतेकडे पुष्कळांनी गूढतेचा गुण म्हणून पाहिले, आणि ते सर्वस्वी चूक नव्हते. परंतु अस्पष्टता हे संरक्षणही असते. जे ऐकूच येत नाही, त्याला कोणी जाब विचारू शकत नाही. आर.ई.एम.च्या नंतरच्या सौम्य वळणाची चर्चा बहुधा वाद्यांच्या अंगाने होते. विजेची गिटार जाऊन मँडोलिन आले, ड्रमच्या जागी व्हायोलिने आली, असे सांगितले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. गोंगाट कमी झाल्यावर गाणाऱ्याला लपायला जागा उरत नाही. या वळणाचा खरा इतिहास त्या उघड्या पडलेल्या आवाजाचा आहे.

लोकसंगीताचे बीज मात्र पहिल्यापासून तेथे होते. बकची गिटारवादनाची रीत सलग ठोक्यांची नव्हती. तो स्वरसमूहातील एकेक तार वेगळी छेडत जाई, आणि त्यामुळे गाण्यावर किणकिणत्या स्वरांची जाळी पसरे. या रीतीचा वारसा ‘द बर्ड्स’ या कॅलिफोर्नियातील संचाकडे जातो. त्यांनी १९६५ मध्येच डिलनचे गीत विजेच्या गिटारवर नेऊन लोकसंगीत आणि रॉक यांचा सांधा जोडला होता. त्यामागे आणखी खोलवर बँजो आणि गिटार यांवरील डोंगराळ भागातील बोटांची कारागिरी आहे. बक हा मुद्रिकांच्या दुकानात वाढलेला वादक होता. ही परंपरा त्याने आजोबांकडून घेतलेली नव्हती, ऐकून ऐकून मिळवलेली होती. शहरी माणसाचा लोकसंगीताशी असलेला संबंध बहुधा असाच असतो, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

लोकजीवनाशी त्यांचा दुसरा संबंध अधिक थेट होता. जॉर्जियाच्या समरव्हिल गावाजवळ हॉवर्ड फिन्स्टर नावाचे एक वृद्ध बाप्टिस्ट धर्मोपदेशक राहत. सायकली दुरुस्त करणे हा त्यांचा एक व्यवसाय. १९७६ मध्ये बोटाला लागलेल्या रंगाच्या डागात त्यांना एक चेहरा दिसला आणि धर्मचित्रे काढण्याची आज्ञा झाली, असे ते सांगत. मोडक्या वस्तू, आरसे, बायबलमधील वचने आणि सिमेंट यांतून त्यांनी ‘पॅराडाइज गार्डन’ ही बाग उभी केली. आर.ई.एम.च्या आरंभीच्या एका चित्रफितीचे चित्रण या बागेत झाले. १९८४ च्या ‘रेकनिंग’ या ध्वनिमुद्रिकेच्या मुखपृष्ठासाठी स्टाइपने दोन तोंडांच्या सापाची रेषा काढून दिली आणि फिन्स्टर यांनी तिचे पोट आपल्या चित्रांनी भरले. विद्यापीठात चित्रकला शिकणारा तरुण आणि कोणत्याही शाळेत ती न शिकलेला म्हातारा यांची ही भागीदारी, पुढे संगीतात जे झाले त्याचे चित्रातील पूर्वरूपच म्हणावे लागेल.

बॉइडच्या हाताखाली लंडनमध्ये तयार झालेली १९८५ ची ‘फेबल्स ऑफ द रिकन्स्ट्रक्शन’ ही ध्वनिमुद्रिका या पार्श्वभूमीवर वाचायला हवी. ‘रिकन्स्ट्रक्शन’ म्हणजे अमेरिकेतील यादवी युद्धानंतरचा, पराभूत दक्षिणेच्या पुनर्रचनेचा काळ. मुखपृष्ठाची मांडणी अशी की शब्दांचा क्रम उलटवून ‘दंतकथांची पुनर्रचना’ असेही शीर्षक वाचता यावे. स्टाइपच्या गीतांत येथे प्रथमच माणसे दिसू लागतात. गावातले विक्षिप्त म्हातारे, आगगाडीचे चालक, आपल्या घराचे दोन भाग करून आलटूनपालटून दोन्हींत राहणारा एक एकलकोंडा. ज्या गोष्टी दक्षिणेत ओसरीवर बसून सांगितल्या जातात त्या या. शेवटच्या गीतात बँजोही वाजतो. लंडनची थंडी, पाऊस आणि घरापासूनचे अंतर यांनी चौघे इतके खचले होते की त्या दिवसांत संच मोडण्याच्या बेतात आला होता. स्वतःच्या प्रदेशाच्या कथा त्यांना परदेशात, लोकसंगीताच्या एका जाणत्या निर्मात्यासमोर सापडाव्यात, यात नवल नाही. दूर गेल्यावरच गावाचा आकार दिसतो. मुद्रिका मात्र काहीशी धूसरच राहिली. कथा आल्या, पण त्या सांगणारा आवाज अजून पुरता पुढे आलेला नव्हता.

तो आवाज पुढे आला तो आधी मोठा होऊन. १९८६ आणि १९८७ च्या ध्वनिमुद्रिकांत गिटार कठोर झाली, शब्द राजकीय झाले आणि ऐकूही येऊ लागले. ‘डॉक्युमेंट’मधील एक गीत अमेरिकेतील पहिल्या दहांत पोहोचले. १९८८ मध्ये वॉर्नर या बलाढ्य कंपनीशी करार झाला आणि ८ नोव्हेंबर रोजी, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या दिवशी, ‘ग्रीन’ प्रसिद्ध झाली. या ध्वनिमुद्रिकेत दोन गोष्टी लक्षणीय आहेत. वेष्टनावर प्रथमच एका गीताचे शब्द छापले गेले. आणि काही गाण्यांत ड्रम व विजेची गिटार जवळजवळ नाहीशी झाली: बकने नव्याने हाती घेतलेले मँडोलिन तेथे होते, आणि बाकीचे आपापली वाद्ये बदलून बसले होते. शब्द छापणे आणि वाद्ये मंद करणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडाव्यात, हे सूचक आहे.

‘ग्रीन’नंतर १९८९ च्या जानेवारीत सुरू झालेला दौरा नोव्हेंबरपर्यंत चालला. हजारो श्रोत्यांच्या क्रीडागृहांत रोज तीच गाणी, त्याच पट्टीत. दौरा संपला तेव्हा बकला विजेच्या गिटारचा कंटाळा आला होता. सरावाला बसताना एक नवा रिवाज पडला. ज्याचे जे वाद्य, ते त्याने वाजवायचे नाही. बेरी ड्रम सोडून बास हाती घेई, मिल्स पेटीसदृश ऑर्गनकडे वळे, बक मँडोलिन घेई. सफाईदार वादक अशा वेळी नवशिका होतो. त्याला कमी स्वरांत भागवावे लागते, दुसऱ्याचे ऐकावे लागते. गाण्यांना आलेल्या सौम्यपणाचे हे एक अगदी व्यावहारिक कारण आहे, आणि समीक्षेत त्याला मिळायला हवे तितके महत्त्व मिळालेले नाही. चौघांत श्रेयाची समान वाटणी नसती, तर आपले वाद्य दुसऱ्याच्या हाती देण्याइतका विश्वासही कदाचित नसता.

मँडोलिन हे वाद्य मुळात इटलीचे. स्थलांतरितांबरोबर ते अमेरिकेत गेले, विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे मँडोलिनवादकांची मंडळे निघाली. ती ओसरल्यावर हे वाद्य दक्षिणेतील डोंगरात टिकले, आणि केंटकीच्या बिल मन्रो यांनी त्याला ‘ब्लूग्रास’ या शैलीचे मुख्य वाद्य केले. भारतीय श्रोत्यालाही ते परके नाही. सज्जाद हुसेन यांच्या हातून हिंदी चित्रपटगीतांत आणि यू. श्रीनिवास यांच्या हातून कर्नाटक संगीताच्या मैफलीत ते भारतीय झालेच आहे. बकने ते वाजवले ते यांपैकी कोणाच्याही रीतीने नव्हे. तो ते अजून शिकत होता. दूरचित्रवाणी पाहता पाहता ध्वनिफीत चालू ठेवून तो बोटे फिरवीत असे, आणि त्या फितीत त्याला एक धून सापडली. तिच्यावर ‘लूझिंग माय रिलिजन’ हे गाणे उभे राहिले.

सप्टेंबर १९९० मध्ये न्यूयॉर्क राज्यातील वुडस्टॉकजवळच्या बेअर्सव्हिल येथे ‘आउट ऑफ टाइम’ या ध्वनिमुद्रिकेचे बरेचसे काम झाले. स्कॉट लिट हा निर्माता ‘डॉक्युमेंट’पासून त्यांच्यासोबत होता. पुढे अटलांटा येथे तंतुवाद्ये भरली गेली. ‘लूझिंग माय रिलिजन’ पहिले गीत म्हणून बाजारात आणण्यास कंपनी नाखूश होती, आणि बाजाराच्या तर्काने तिचे बरोबरच होते. गाण्यात ज्याला ध्रुवपद म्हणावे असे काही नाही, मुख्य वाद्य मँडोलिन, आणि सूर कबुलीजबाबाचा. शीर्षकाचा शब्दशः अर्थ घेणाऱ्यांची मोठीच फसगत झाली. दक्षिणेच्या बोलीत या शब्दांचा अर्थ धर्म सोडणे असा नाही. संयम सुटणे, सहनशक्ती संपणे असा आहे. एकतर्फी ओढीचे, जास्त बोललो की कमी या धास्तीचे ते गाणे आहे. आजीच्या तोंडी शोभावा असा वाक्प्रचार घेऊन त्यात नागर, अस्वस्थ मन बसवायचे, ही त्यातील किमया. या संचाच्या लोकसंस्काराचे मर्म अशा ठिकाणी आहे. त्यांनी लोकगीते गायिली नाहीत, लोकभाषेतून आपले बोलणे काढले.

गाणे अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत गेले. मार्च १९९१ मध्ये आलेली ‘आउट ऑफ टाइम’ अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. गाण्याच्या चित्रफितीचा दिग्दर्शक तरसेमसिंग हा जालंधरमध्ये जन्मलेला. गाब्रिएल गार्सिया मार्केस यांची पंख असलेल्या म्हाताऱ्याची कथा, काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराचा छायाप्रकाश आणि भारतीय कॅलेंडरांवरील देवादिकांची चित्रे यांचा मेळ त्याने घातला. राजा रविवर्म्याच्या छापखान्यातून मुंबई आणि मळवलीहून घराघरांत पोहोचलेल्या चित्रपरंपरेचे दूरचे नाते अशा रीतीने जॉर्जियातील चौघांच्या गाण्याशी जुळले. त्या वर्षी ‘एमटीव्ही’चा सर्वोत्कृष्ट चित्रफितीचा पुरस्कार तिला मिळाला.

ही ध्वनिमुद्रिका सर्वत्र सारखी सरस नाही. ‘शायनी हॅपी पीपल’ या गाण्याचा उल्हास तेव्हाही बेगडी वाटला, आणि पुढे संचानेही ते गाणे बाजूला टाकले. परंतु ‘कंट्री फीडबॅक’सारखे गाणे त्याची भरपाई करून देते. जॉन कीनच्या पेडल स्टील गिटारचा लांबत जाणारा विलाप आणि त्यावर एका कागदावरील मोजक्या टिपणांवरून स्टाइपने जागच्या जागी गायिलेले, मोडलेल्या संसाराचे शब्द. ते पुन्हा नीट करून गाण्याचा मोह त्याने टाळला.

दौरा झाला नाही. लाखोंनी मुद्रिका विकल्या जात असताना संचाने लंडनच्या एका लहानशा जागेत खोटे नाव धारण करून दोन रात्री गाणी म्हटली, ‘एमटीव्ही’साठी विजेविना वादन केले, आणि २८ एप्रिल १९९१ रोजी वेस्ट व्हर्जिनियातील चार्ल्सटन येथे ‘माउंटन स्टेज’ या नभोवाणी कार्यक्रमात हजेरी लावली. तो कार्यक्रम डोंगराळ मुलुखातील लोकसंगीताचा मोठा आधार आहे. क्रीडागृहे भरवू शकणाऱ्या संचाने तेथे खुर्च्यांवर बसून गावे, हे न्यूपोर्टच्या रात्रीचे उलटे चित्र होते, आणि येथे कोणी हुर्यो उडवली नाही.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सिॲटलच्या ‘निर्वाणा’ची ‘नेव्हरमाइंड’ आली आणि इंडी रॉकचा आवाज एकाएकी कर्कश, विराट आणि फायद्याचा झाला. आर.ई.एम.च्या मनातही पुढची मुद्रिका वेगवान करावी असेच होते. तसे झाले नाही. तिघे वादक पुन्हा वाद्ये बदलून बसले आणि जे निघाले ते अधिकच संथ होते. ऑक्टोबर १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ऑटोमॅटिक फॉर द पीपल’ या ध्वनिमुद्रिकेचे शीर्षक ॲथेन्समधील एका साध्या खानावळीच्या घोषवाक्यावरून घेतलेले आहे. ग्राहकाने काही मागितले की मालक ज्या शब्दाने होकार देई, तो शब्द त्यात आहे. ‘लेड झेपेलिन’ या रॉकमधील अतिप्रचंड आवाजाच्या संचातील जॉन पॉल जोन्सने चार गाण्यांची तंतुवाद्यरचना केली. गोंगाटाच्या घराण्यातील माणसाने या शांततेला हात लावावा, हीही एक गंमत.

या ध्वनिमुद्रिकेचा विषय मृत्यू आहे, आणि तो आडपडद्याने येत नाही. एका गाण्यात मरणाच्या उंबरठ्यावरचे म्हातारे माणूस जगण्याचा हिशेब मांडते. एकात आईवडिलांना पुरून आलेली भावंडे दिसतात. माँटगोमेरी क्लिफ्ट या नटावरील गाणे बकने बुझुकी या ग्रीक तंतुवाद्यावर बांधले. ‘एव्हरीबडी हर्ट्‌स’चा मूळ आराखडा बेरीचा. निराश झालेल्या कोवळ्या वयाच्या मुलांना कळावे म्हणून त्याचे शब्द मुद्दाम सरळ ठेवले गेले. अतिवापराने ते गाणे आज गुळगुळीत झाले आहे खरे. पण ‘मर्मर’मध्ये एकही वाक्य पुरे न करणाऱ्या गायकाने दहा वर्षांच्या आत असे काही गावे, यातील धाडस त्यामुळे कमी होत नाही. साधे बोलताना माणूस हास्यास्पद होण्याचा धोका पत्करतो, आणि तो पत्करायला संदिग्ध कवीला अधिक धैर्य लागते.

‘नाइटस्विमिंग’ या गाण्यात हे वळण पूर्णत्वास जाते. गिटार नाही, बास नाही, ड्रम नाही. मिल्सच्या पियानोवर फिरत राहणारा एक वर्तुळाकार आलाप, नंतर हलकेच येणारी तंतुवाद्ये, शेवटी ओबो, आणि त्यांच्या मधोमध स्टाइपचा आवाज. तरुणपणी रात्री गुपचूप पोहायला जाण्याची आठवण एवढाच आशय. लोकसंगीताच्या नावाने ओळखावे असे एकही वाद्य त्यात नाही. तरीही कथनाचा संथपणा, ऐकणाऱ्याला समोर बसवून सांगण्याची रीत, गेलेल्या काळाकडे पाहण्याची अनाटकी दृष्टी, या साऱ्यांत जुन्या कथागीतांचा श्वास आहे. वाद्यांची यादी करून लोकप्रभाव मोजणाऱ्या समीक्षेची येथे पंचाईत होते.

‘आउट ऑफ टाइम’ आणि ‘ऑटोमॅटिक फॉर द पीपल’ या दोन्ही मुद्रिकांच्या एकट्या अमेरिकेतच प्रत्येकी लाखो प्रती खपल्या. त्याहून बोलका दाखला ‘निर्वाणा’च्या कर्ट कोबेनचा आहे. १९९४ च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या एका मुलाखतीत त्याने आपली पुढची मुद्रिका आर.ई.एम.च्या ताज्या मुद्रिकेसारखी, विजेविना आणि तरल असेल असे सांगितले, आणि त्या संचाविषयीचा आदर लपवला नाही. नोव्हेंबर १९९३ मध्ये ‘एमटीव्ही’साठी त्याने केलेल्या शांत वादनाचा शेवट लेडबेलीच्या परंपरेतून आलेल्या एका जुन्या लोकगीताने झाला होता. एप्रिल १९९४ मध्ये त्याचा मृत्यू झाला, आणि ती मुद्रिका झालीच नाही.

आर.ई.एम.ने स्वतः ही वाट तेथेच थांबवली. १९९४ च्या ‘मॉन्स्टर’मध्ये विजेच्या गिटारी पुन्हा कडाडल्या. त्यातील एक गाणे कोबेनला उद्देशून आहे, आणि स्टाइपचा आवाज पुन्हा काहीसा मागे गेला. दौरा सुरू झाला. १ मार्च १९९५ रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे कार्यक्रम चालू असताना मेंदूतील रक्तवाहिनीच्या विकाराने बेरी कोसळला. शस्त्रक्रियेनंतर तो बरा झाला, पण १९९७ च्या ऑक्टोबरात त्याने संच सोडला आणि ॲथेन्सजवळ शेती करू लागला. वाद्ये एकमेकांच्या हाती देण्याचा चौघांचा रिवाज त्याच्याबरोबर संपला. उरलेल्या तिघांनी ड्रमच्या जागी यंत्रे वापरून पाहिली, काही उत्तम आणि काही निस्तेज मुद्रिका काढल्या आणि सप्टेंबर २०११ मध्ये संच विसर्जित केला. पुन्हा एकत्र येण्याचे मोठमोठे प्रस्ताव त्यांनी मानले नाहीत. १३ जून २०२४ रोजी न्यूयॉर्क येथे गीतकारांच्या सन्मानाच्या एका समारंभात मात्र चौघे एका गाण्यापुरते व्यासपीठावर आले. गाणे ‘लूझिंग माय रिलिजन’ होते, आणि ते विजेविना गायिले गेले.